बेचाळीस जवळची माणसं

हसायचं तर खुशाल हसा, पण हातातला चहा आधी खाली ठेवा. आणि एक कबूल करा, की हे माझ्या सासुरवाडीच्या कुणापुढं काढणार नाही. त्यांना माहीतच आहे म्हणा सगळं. पण तिथं जो तो सांगताना थोडं वाढवून सांगतो, आणि वाढवलेल्या गोष्टीत मी आणखीच येडा दिसतो. त्यापेक्षा माझी फजिती माझ्याच तोंडून ऐका. ती आहे तशीच भरपूर आहे.

मी नांदेडला एका कॉलेजच्या ऑफिसात असतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. काम काय, तर याद्या काढणं. शिष्यवृत्ती मिळालेल्यांची यादी, टीसी न नेलेल्यांची यादी, वसतिगृहातल्या मुलींची यादी. सगळ्या पोरांची माहिती कॉम्प्युटरात भरलेली असते. कुणी काही मागितलं की मी फिल्टर लावतो, बटण दाबतो, हवी तेवढीच नावं बाहेर. आमचे प्राचार्य चारचौघांत म्हणतात, "याला सांगा, दोन मिनिटांत काढून देतो." असं वाक्य दहा वर्षं कानावर पडलं की माणूस बिघडतो. मी बिघडलो.

त्यात माझ्या मेव्हणीचं, मेघाचं लग्न जमलं.

सासुरवाडी आमची उदगीरच्या जवळ, गाडीनं अर्धा तास. सासऱ्यांना मी मामा म्हणतो. शेती आहे, माणूस सरळ आहे, आणि माणसांचा इतका लोभी माणूस मी दुसरा पाहिला नाही. त्यांना लग्नाची काळजी कसली होती? मंडपाची नाही, जेवणाची नाही. कुणी बोलवायचं राहून जाईल, याची. आमच्या लग्नात, म्हणजे माझ्या आणि वर्षाच्या, एक चुलत मावसा राहून गेला होता. तो आठ वर्षं झाली तरी मामांच्या दारावरून जाताना मान दुसरीकडं फिरवतो. मामा ते बघतात आणि त्या दिवशी त्यांना जेवण जात नाही.

तुम्हाला पद्धत माहीत आहे. सगळ्यांच्या घरी जाणं आता होत नाही. गावकीला, ओळखीपाळखीच्या लोकांना मोबाईलवर पत्रिका गेली तरी चालतं. पण जवळची म्हणून जी माणसं आहेत, त्यांच्या घरी जावं लागतं. पत्रिकेला हळदकुंकू लावायचं, देवापुढं ठेवायची, हातात नारळ द्यायचा, घरातल्या कर्त्याला टॉवेल-टोपी, आणि तोंडानं म्हणायचं, "चार दिवस आधी या, कार्य तुमचंच आहे." मोबाईलवर पत्रिका आली तर जवळचा माणूस ती उघडूनसुद्धा बघत नाही. तो फक्त ध्यानात ठेवतो.

मामा म्हणाले, "जावईबापू, लई माणसं हाईत. कोणाकडं जायचं आन कोणाला मोबाईलवर, ह्याचा काई मेळ लागून नाई राहिला."

मी काय म्हणालो असेन? "मामा, दोन मिनिटांत काढून देतो."

मग काय, ओसरीवर बाजेवर मामा, समोर खुर्चीवर मी, मांडीवर लॅपटॉप. दोन रविवार आमचं हेच चाललं होतं. मामांनी जुनी डायरी घेतली, मोबाईल घेतला, आणि एकेक नाव सांगायला लागले. जेवणाचा अंदाज लागतो म्हणून मी घरच्यांचीही नावं घेतली. मामा, मामी, खुद्द नवरी, सगळे. साडेसहाशेच्या वर गेली यादी.

रकाने मी पाडले. आधी पूर्ण नाव, मग गाव, मग मोबाईल. आणि शेवटचा रकाना, ज्याचा मला फार अभिमान होता, तो म्हणजे 'संबंधित व्यक्ती'. म्हणजे हा माणूस कुणाच्या नात्यातला, कुणाकडून आपला. एकदा तो भरला की पुढं सगळं कॉम्प्युटर करणार.

पूर्ण नावाबद्दल मी फार कडक होतो. मामा म्हणायचे, "लिहा, तात्या." मी म्हणायचो, तात्या चालणार नाही, कागदावरचं नाव सांगा. मामा बिचारे डोळे मिटायचे, आठवायचे, आतून मामींना विचारायचे. एकदा तर सख्ख्या चुलत्याचं नाव काय, यावर घरात अर्धा तास वाद झाला.

आणि संबंधित व्यक्ती? तिथं मामा खुलायचे. "ह्यो बालाजी. पाण्याच्या मोटारीची वाइंडिंग करतो उदगीरला. आपल्या माधवच्या वळखीचा. माधवनंच आणला व्हता त्याला, हीर आटली त्या साली." मी लिहायचो: संबंधित व्यक्ती, माधव. "ह्यो देगलूरचा, खताचं दुकान हाय. त्यो शिवाजीरावाकडून." लिहिलं, शिवाजीराव. मग एखादं नाव असं यायचं की मामा नुसतं नाव आणि गाव सांगून पुढं. "गंगाबाई व्यंकटराव बिरादार, हणेगाव." मी विचारायचो, संबंधित व्यक्ती कोण? मामा हात झटकायचे. "तिचं काय लिहायचं? फुडचं घ्या."

मी पुढचं घेतलं.

आता तुम्ही हुशार आहात, तुमच्या आत्ताच लक्षात आलं असेल. माझ्या नाही आलं. माझं लक्ष रकान्यावर होतं. माणूस कॉम्प्युटरसमोर बसला की समोरच्याचा हात बघत नाही, हे मी स्वतःवरून सांगतो.

नांदेडला आलो आणि फिल्टर लावला. कॉम्प्युटरला सांगितलं, ज्यांच्यापुढं संबंधित व्यक्तीचं नाव आहे तेवढे दाखव. मनात हिशेब साधा होता. ज्याचं आपल्या माणसाशी काहीतरी लागतं, त्याच्यापुढं नाव असणार. ज्याचं काहीच लागत नाही, त्याचा रकाना रिकामा असणार. बरोबर की नाही? बटण दाबलं. बेचाळीस नावं आली.

मला इतका आनंद झाला. बेचाळीस घरं म्हणजे तीन रविवारचं काम. वर्षा भाकरी करत होती, ती म्हणाली, एकदा मला दाखवा यादी. मी म्हणालो, त्यात दाखवायचं काय, कॉम्प्युटरनं काढली आहे. ती म्हणाली, कॉम्प्युटरचं लग्न आहे का? मी हसण्यावारी नेलं. तेव्हा लॅपटॉप तिच्यापुढं नुसता सरकवला असता तर आज तुम्हाला सांगायला माझ्याकडं काही नसतं.

रविवारी सकाळी वर्षाला घेऊन सासुरवाडीला निघायच्या आधी मी उरलेल्या सहाशे लोकांना मोबाईलवर पत्रिका सोडली. एका दमात. कॉलेजात पालकांना सूचना पाठवतो, तशीच. प्रत्येकाला त्याच्या पूर्ण नावानं. मजकूर माझाच. 'सप्रेम नमस्कार. वेळेअभावी प्रत्यक्ष भेटून निमंत्रण देणे शक्य झाले नाही. तरी हेच आग्रहाचे निमंत्रण समजून सहकुटुंब येण्याचे करावे.' प्राचार्यांनासुद्धा आवडला असता असा मजकूर.

बेचाळीस घरांसाठी मामांनी माझ्याबरोबर अण्णांना दिलं. अण्णा म्हणजे मामांचे चुलतभाऊ. वय पासष्ट, तोंडात तंबाखू, बोलणं जेवढ्यास तेवढं. आणि एक गोष्ट ध्यानात घ्या. मी जावई. आमच्याकडं जावयाला कुणी उलटून विचारत नाही. जावई म्हणाला की गाडी डावीकडं घ्या, तर समोर विहीर असली तरी सासुरवाडीचा माणूस आधी डावीकडं घेतो आणि मग हळूच म्हणतो, विहीर दिसून राहिली.

पहिलं घर बालाजीचं, उदगीरला. दुकान खाली, राहणं वर. आम्ही दोघं नारळ, टॉवेल-टोपी घेऊन चढलो तर तो नुसत्या बनियनवर मोटारीच्या तारा गुंडाळत बसला होता. उठून उभा राहिला. "मोटार परत जळली का?"

मी म्हणालो, मोटार नाही, मेघाचं लग्न. त्यानं आत बघितलं, बायकोनं बाहेर बघितलं. दोघांच्या चेहऱ्यावर एकच प्रश्न होता, की कोण मेघा. मी नातं समजावून सांगायला लागलो, आणि मलाच नातं माहीत नव्हतं. म्हणून मी म्हणालो, "माधवकडून हो." तो म्हणाला, हां, माधवकडून. अण्णांनी त्याच्या डोक्यावर टोपी घातली. त्याला काय करावं सुचेना. त्यानं आमच्या दोघांच्या पाया पडून घेतलं, आणि खाली आम्हाला सोडायला आला तेव्हा डोळे पुसत म्हणाला, "साहेब, आजवर लोकं मोटार घेऊन आले. नारळ घेऊन कोणी आलं नव्हतं."

मला भरून आलं. मी अण्णांकडं बघितलं. अण्णाही गलबलले होते. मी मनात म्हणालो, काय गोतावळा आहे मामांचा, एवढा गरीब नातेवाईक, पण माया किती.

तिथून देगलूर. खतवाल्याच्या घरी वेगळीच तऱ्हा. त्याच्या बायकोनं आम्हाला बसवलं, पाणी दिलं, आणि पदर खोचून नवऱ्याला आत बोलावलं. भिंत पातळ होती. ती विचारत होती, हे कोण आणि तुमचा यांच्याशी काय संबंध. तो म्हणत होता, खरंच माहीत नाही. ती म्हणत होती, माहीत नसताना कुणी टॉवेल-टोपी आणत नाही, मला लग्न होऊन वीस वर्षं झाली, तुम्ही माझ्यापासून काय काय लपवून ठेवलंय ते आज कळू द्या. तो बाहेर आला तेव्हा घामानं डबडबला होता. मी त्याला धीर द्यायला म्हणालो, "कार्य तुमचंच आहे." आतून भांडं पडल्याचा आवाज आला.

मी अजूनही समजलो नाही. खरं सांगतो. मला वाटलं, घरोघरी काहीतरी असतंच.

नायगावला तर कहर. तिथं ज्याच्या घरी गेलो, त्यानं मामांकडून कधीतरी म्हैस नेली होती आणि ती दूध देत नाही म्हणून दोघांचं वाजलं होतं. हे मला कुठून माहीत? यादीत पुढं नाव होतं, संबंधित व्यक्ती अमुकतमुक, झालं. त्या गृहस्थानं आम्हाला दारातच अडवलं, पण नारळ बघून बाजूला झाला. टोपी हातात घेऊन उलटसुलट बघितली. मग म्हणाला, "त्यांनी स्वतः पाठवलं?" मी म्हणालो, स्वतः. "माझं नाव घेऊन?" नाव घेऊन, गाव घेऊन, फोन नंबरसकट. त्यानं आम्हाला मिठी मारली आणि जेवल्याशिवाय सोडलंच नाही. म्हैस त्या दिवसापासून मिटली, ते एक बरं झालं.

जेवण झालं, गाडीत बसलो. अण्णांनी तंबाखू मळली आणि दिवसभरातलं सगळ्यात मोठं वाक्य बोलले.

"जावईबापू, तुमच्याकडचे पाव्हणे लई मायाळू हाईत."

मी गाडी सुरू करता करता थांबलो. "माझ्याकडचे? अण्णा, हे तुमचे ना?"

"आमचे? म्या तर ह्यातला एक बी मानूस कदी बघितलेला नाई."

"मग सकाळपासून बोलला का नाहीत?"

"तुम्ही जावई," अण्णा म्हणाले. "तुमच्या पाव्हण्याला कोन हाय म्हनून कसं इचारावं?"

म्हणजे सकाळपासून मला वाटत होतं की अण्णा आपल्या माणसांना भेटून गलबलतायत, आणि अण्णांना वाटत होतं की जावईबापू त्यांच्या. दोघं मिळून परक्याच्या घरी रडत होतो.

तेवढ्यात मामांचा फोन आला. आवाज असा की माणूस झोपेतून उठला आहे आणि कुठल्या गावात उठला ते त्याला कळत नाही.

"जावईबापू, मला एक पत्रिका आली."

"कुणाची?"

"मेघाची. आपल्याच मेघाची. मला म्हणे वेळेअभावी भेटता आलं न्हाई, तरी सहकुटुंब यावं." "मामीला बी आली. मेघाला बी आली. ती हसून राहिली, पर मला काई समजून न्हाई राहिलं. मी कुठं यायचं?"

गाडीत बसल्या बसल्याच मी लॅपटॉप उघडला आणि पहिल्यांदा ती रिकाम्या रकान्यांची यादी नीट वाचली. मामा, रिकामा. मामी, रिकामा. नवरी, रिकामा. मामांचे सख्खे भाऊ, त्यांची मुलं, मामींचं सगळं माहेर, सगळे रिकामे. आता कळलं. मोटारवाला कुणाकडून, खतवाला कुणाकडून, हे सांगावं लागतं. पण सख्ख्या भावाबद्दल कोण सांगेल, की हा कुणाकडून? मामांनी प्रत्येक परक्यापुढं नाव भरलं होतं आणि आपल्या प्रत्येक माणसापुढं हात झटकला होता. मी हात झटकलेल्या सगळ्यांना 'वेळ नाही' म्हणून कळवलं होतं, एका दमात, पूर्ण नावानिशी.

आणि त्या यादीत एक नाव होतं गंगाबाई व्यंकटराव बिरादार, हणेगाव.

ही बाई कोण? मामांची थोरली बहीण. घरातले सगळे तिला आक्का म्हणतात, मीही म्हणतो. आठ वर्षांत तिला गंगाबाई म्हणताना मी कुणालाच ऐकलं नव्हतं. तिला कागदावरचं नाव आहे, हेच माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं. मामा चार वर्षांचे असताना त्यांची आई गेली. आक्का तेव्हा स्वतः बारा-तेरा वर्षांची. तिनं भावाला कडेवर घेऊन वाढवलं. या घरात कुणाचंही लग्न असो, पहिली हळद आक्काच्या हातची. ती लागल्याशिवाय दुसरं कुणी वाटीला हात लावत नाही. आमच्या लग्नात ती चार दिवस आधी आली होती आणि सगळ्यांत शेवटी गेली होती.

मामांच्या घरी पोचलो तर अंगणात माणसं जमलेली. मला कुणी काही बोललं नाही. जावयाला कोण बोलणार? सगळ्यांनी मिळून अण्णांना धुतलं. बिचारे तंबाखू थुंकायलाही विसरले. मामा मात्र बाजेवर तोंड भिंतीकडं करून बसले होते. मामींनी सांगितलं, आक्काच्या सुनेनं तो मजकूर तिला वाचून दाखवला. आक्कानं तो दोनदा वाचायला लावला. मग मामांना फोन लावून एवढंच म्हणाली, "इतक्या वर्सांनी कळलं, की मी पाव्हणी हाय. येते की बाबा. पाव्हण्यावाणी येते, पंगतीला बसते, आन जाते." आणि फोन ठेवून दिला.

मामा भिंतीकडंच बघत म्हणाले, "हळद कोण लावील आता?"

एवढंच. माझ्यावर ओरडले असते तर परवडलं असतं. मला इतकी लाज वाटली की वर्षाच्या तोंडाकडं बघवेना. ती फक्त म्हणाली, "उद्या हणेगावला आपण दोघं जाऊ. आणि ते तुमचं डबडं बरोबर घ्या."

सोमवारी सुट्टी टाकली. रस्ताभर मी काय बोलायचं ते घोकत होतो. आक्कांच्या घरी पोचलो तर त्या सोप्यात पाटावर तूर पाखडत बसल्या होत्या. उठल्या नाहीत, पण सुनेला हाक मारून म्हणाल्या, "पाव्हणे आलेत, पाणी आण." पाव्हणे या शब्दावर असा जोर दिला की मी पाण्याचा पेला तसाच खाली ठेवला.

मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसलो. फिल्टर म्हणजे काय, रकाना म्हणजे काय, सगळं सांगितलं. आक्का सूप हलवत राहिल्या. मी जितकं समजावून सांगत होतो तितकं त्यांच्या कपाळावरचं आठ्यांचं जाळं वाढत होतं. शेवटी त्यांनी सूप थांबवलं.

"ते सगळं राहू द्या. तुमच्या त्या वहीत माझ्या नावापुढं काय लिवलंय, तेवढं सांगा."

मी लॅपटॉप उघडला, सून शेजारी येऊन बसली. तिनंच वाचलं. गंगाबाई व्यंकटराव बिरादार, हणेगाव, फोन नंबर. "पुढं काहीच नाही, आत्याबाई. रिकामंच आहे."

"काईच न्हाई?"

"मी विचारलं होतं मामांना," मी म्हणालो, "संबंधित व्यक्ती कोण लिहू. ते म्हणाले, तिचं काय लिहायचं."

"असं म्हणला?"

"हो. असाच हात झटकला."

आक्कांनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडतायत. रडतच होत्या, पण खांदे हलायला लागले तेव्हा कळलं की हसतायतही. "लहानपनापसून तसाच करतो त्यो," त्या म्हणाल्या. "मास्तरानं शाळंत घालताना इचारलं, ही तुझी कोण? तवा बी असाच हात झटकला व्हता. मास्तराला वाटलं, पोरगं मुकं हाय." मग डोळे पुसले, सुनेला म्हणाल्या, चुलीवर चहा ठेव, आणि माझ्या हळदीला घालायच्या बांगड्या काढून ठेव, चार दिवस आधी निघायचं आहे. वर्षानं त्यांच्या गळ्यात हात टाकले. तिकडं फोनवर मामांना सांगितलं, तर त्यांनी आधी मामींना हाक मारली. फोन मामींनी घेतला.

माझ्या छातीवरचा दगड उतरला. इथं थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण माझी सवय. मी खुशीत येऊन म्हणालो, "बघा आक्का, म्हणजे वहीत चूक नव्हतीच. ज्याचा रकाना रिकामा तो घरचा, आणि ज्याच्यापुढं नाव भरलंय तो परका. माझं फिल्टर फक्त उलटं लागलं."

"अस्सं," आक्का म्हणाल्या. "मग तुमचं नाव बी आसंल की ह्यात. वाच गं, जावईबापूच्या फुडं काय हाय?"

सुनेनं वर सरकवलं. यादीतलं पहिलंच नाव माझं. मामांना रकाने कसे भरायचे हे दाखवायला नमुना म्हणून मीच भरलं होतं, स्वतःच्या हातानं, आणि विसरूनही गेलो होतो. नांदेडची नावं शेवटच्या रविवारी घ्यायची म्हणून त्या बेचाळीसमध्ये ते माझ्या नजरेला पडलं नव्हतं. सून वाचताना अडखळली. "संबंधित व्यक्ती, वर्षा."

आक्कांनी तो लॅपटॉप बघितला, मग मला बघितलं. उठल्या. आत गेल्या, करंडा घेऊन आल्या, माझ्या कपाळाला कुंकू लावलं, हातावर नारळ ठेवला आणि अगदी गंभीर चेहरा करून म्हणाल्या,

"जावईबापू, आमच्या मेघाचं लगीन हाय. तुम्ही वर्षाच्या वळखीचे, म्हणून आगत्यानं सांगून राहिले. यायचं करा. पर सहकुटुंब येऊ नका. वर्षा घरचीच हाय."